घरच्या राउटरचा खर्च

अव्वा,

तू गेलीस तेव्हा आपल्या राजेश्वर गावच्या घरी फोनसुद्धा नव्हता, म्हणून आधी सांगतो. राउटर म्हणजे बाहेरून आलेलं इंटरनेट घरभर वाटणारी डबी. दुकानात तयार मिळते. मी मात्र ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणून त्याचाच राउटर घरी केला. फुकटात होईल असं वाटलं होतं. मग नेटवर्कचं कार्ड घेतलं, पॉवर सप्लाय जळाला तो बदलला, वायफायसाठी वेगळी डबी लागली, आणि अख्खा दिवस चालू राहून तो करंट खातो ते वेगळंच. विकतच्यापेक्षा दुप्पट पैसे गेले. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," तुझी सून म्हणते. बरोबरच आहे तिचं. मग मी हे का करत बसलोय, ते मलाच कळत नाही.

मला वाटायचं, हे तुझ्याकडून आलंय. स्वयंपाकघरात चुलीपासून हातभर अंतरावर तू लोकांच्या जळलेल्या पंख्यांत नवी तार भरायला बसायचीस. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना तुझे ओठ हलत असायचे. एकदा मी मध्येच भाकरी मागितली आणि तुझा आकडा चुकला. "मोजताना बोलू न्हाई म्हणून किती बार सांगू रे तुला?" म्हणालीस, आणि सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून बसलीस. हातानं केलेलं तेच खरं, हे माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं. आपल्या घरातला पंखा तू तीनदा भरलास. चौथ्यांदा जळला तेव्हा बीदरला जाऊन नवाकोरा घेऊन आलीस. त्याच्याखाली आडवी होऊन म्हणालीस, "किती बरं वाटायलंय. ह्याच्यात माझा हात न्हाई." हे वाक्य गाळूनच मी इतकी वर्षं तुझी आठवण काढत आलो. तुला ते काम आवडायचं, की नुसता कंटाळा होता? विचारायला हवं होतं.

तुझी नात वरच्या खोलीत दार लावून नोकरी शोधते. मागच्या मुलाखतीत मध्येच नेट गेलं, आणि त्या लोकांनी पुन्हा बोलावलं नाही. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, विकतचाच आणा की आता." सोमवारी दुसरी मुलाखत आहे.

विकतचा मी आणलाय, चार दिवस झाले. कपाटात आहे, खोकं फोडलेलं नाही. कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतो, आणि हे पत्र तरी कुठं जाणार आहे. घरचा बंद पडला की ती जिन्यावरून मला हाक मारते. मी वर जातो, दहा मिनिटं तिच्या खोलीत बसायला मिळतं. दुसऱ्या कशासाठी ती हल्ली हाक मारत नाही.