खंडेनवमीला बदललेले नंबर

नागपूर, बुधवार, १९ ऑक्टोबर १९८३

तीर्थरूप मनोहरमामांच्या पायांवर मधुसूदनचं डोकं.

मामींचे गुडघे कसे आहेत? त्यांनी पाठवलेलं तिखट पोचलं. (डबा उघडताच शेजारच्या तुळसाबाईंना सात शिंका आल्या, म्हणजे माल अस्सल भिवापुरी.) आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझं मात्र सोमवारपासून काही खरं नाही.

सीताबर्डीच्या आमच्या सरकारी ऑफिसातल्या त्या गार खोलीत मी करतो तरी काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. तर ऐका. खोलीत दोन कॉम्प्युटर आणि चार डिस्कची यंत्रं, एकेक धान्याच्या कोठीएवढं. सगळी माहिती त्या डिस्कवर. कोणती डिस्क कोणत्या कॉम्प्युटरने वापरायची ते मी ठरवतो, आणि कॉम्प्युटर डिस्क ओळखतो ती यंत्राच्या तोंडावर खोचलेल्या नंबरच्या प्लगवरून. (नंबर दिसला की बिचारा डोळे मिटून आधीचं पुसून लिहितो.) दोन नंबर बियाण्यांचा, तीन नंबर शिक्षकांच्या बदल्यांचा. गेल्या शनिवारी खंडेनवमी होती. यंत्रांची पूजा व्हायलाच हवी, असा आमच्या डोंगरवार साहेबांचा हुकूम. नारळ बाहेर फोडला (यंत्रात पाणी जाऊ नये, इतकी अक्कल शाबूत होती), पण नंबरांना कुंकू नीट लागावं म्हणून चारही प्लग उपसून ताम्हनात ठेवले गेले, आणि आरतीनंतर परत खोचताना दोन आणि तीनची अदलाबदल झाली. सोमवारी बियाण्यांचं काम सुरू केलं. अर्ध्या तासात अकराशे शिक्षकांच्या बदल्यांवर संकरित ज्वारी पेरून झाली.

टेपवर नक्कल आहे, पण ती श्रावणातली. त्यानंतरचे बदल्यांचे अर्ज पुन्हा भरायचे म्हणजे महिनाभराची हमाली, ती करू. पण साहेबांना दोष द्यायला माणूस हवा आहे, आणि चौकशीत शिपाई नत्थूचं नाव पुढे आलं. तो एवढंच म्हणाला, "मी तं नारळ फोडाले बाहेर होतो जी, मले काय मालूम?" कोण ऐकतो! येत्या शनिवारी त्याला नोकरीवरून काढल्याचा कागद निघणार. घरी तीन लेकरं आहेत त्याला. मामा, मला फार भीती वाटते. त्या थंडगार खोलीत बसून घाम फुटतो.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
मधुसूदन

ता. क. खरं काम असं, की डोंगरवार साहेब तुमचे विद्यार्थी. (तुम्ही कान पिरगाळल्याचं ते अजून अभिमानाने सांगतात.) शुक्रवारी या आणि नत्थूसाठी शब्द टाका. मी बोलावलं असं मात्र म्हणू नका.

ता. क. २. तुमच्यापासून काय लपवू? प्लग मीच उपसले आणि मीच खोचले. नत्थूचं नावही पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं. लाज वाटते.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच नत्थू दारात आला. म्हणाला, "द्या साहेब, मी पोस्टाकडेच जाऊन राहिलो. चेहरा काहून उतरला तुमचा? घरी कोणी बिमार आहे का?" पाकीट मी त्याला दिलं नाही. आता आधी साहेबांच्या खोलीत जातो, मग पोस्टात. तुम्ही या मात्र नक्की. शनिवारी कागद बहुतेक माझ्या नावाचा निघेल.