एसी लावला की गाडी मरते

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

आदरणीय अनंताकाका,

तेजस्वीचा तुम्हाला आणि काकूंना वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि काकू डोळ्यांत थेंब वेळेवर घालत असतील, अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. गाडी बरी नाही. (फोनच करणार होते, पण तुमचा फोन आमच्याकडे सगळ्यांनी मिळून ऐकायचा असतो, आणि हे आईसमोर बोलता येणार नाही.)

उरणला जाताना तुम्ही गाडी माझ्या हवाली केलीत. क्लच कसा सोडायचा तेही सोनिवलीच्या शेताकडे नेऊन तुम्हीच शिकवलेत. आता बाबांनी ठरवले आहे की रविवारपासून चावी अल्पेशदादाकडे राहील. कारण काय, तर माझा पाय क्लचवर चुकतो. गाडी धावताना उत्तम धावते. पण थांबली आणि एसी चालू असला, की थरथरते, दिवे मंदावतात आणि बंद पडते. मीनलच्या साखरपुड्याला अंबरनाथला जाताना ती प्रत्येक सिग्नलला मेली. मागे कुंदाआत्या शालू नेसून बसल्या होत्या. एसी लावला तर गाडी मरत होती, बंद केला तर आत्यांची पावडर ओघळत होती. मी एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर दोन्ही दाबून पाहिले, तर सगळे पुढच्या सीटवर आपटले. आत्या म्हणाल्या, “पोरीला गारी मानवत नाय रं दादा. तिची स्कूटी बरी.” बाबा काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांना पटले.

जवळच्या गॅरेजवाल्याने नुसती रेस वाढवून दिली. मग पाय उचलला तरी गाडी आपली चालतच राहायची. मी गल्लीत शिरताना दिसले की शेजारच्या रखमाबाई वाळत घातलेले पापड उचलू लागल्या.

शेवटी उल्हासनगरला चंदर नावाच्या मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, पाय काढल्यावर इंजिन एका बारीक वाटेने श्वास घेते. एसीचे ओझे आले की ती वाट जास्त उघडायला हवी. तुमची चोंदली आहे. त्याने तो भाग काढून दाखवला. आत पिवळा-लाल चिखल आणि तांदळाची कणी. “मॅडम, इंजिन में पुलाव किसने पकाया?” मी म्हटले, उंदीर असेल. (हे खोटे होते. घरी पोचल्यावर मी त्याला फोन करून खरे सांगितले. त्याने विचारले, कोण बोलतेय?)

खरे असे, की आई दर अमावास्येला गाडीची पूजा करते. वरचे प्लास्टिक म्हणजे इंजिन नव्हे, असे तिचे मत आहे. म्हणून इंजिन जिथून हवा ओढते त्या एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा ती काढते आणि हळद, कुंकू, अक्षता थेट आत वाहते. अल्पेशदादाच्या बाइकला हँडलवर एक हार पुरतो. हे डब्याचे मी चालवायला लागल्यापासून सुरू झाले. माझ्या जिवासाठी ती उपास धरून जे वाहते त्यानेच इंजिन गुदमरते, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

चंदरने सगळे साफ केले. आता गाडी एसी लावूनही इतकी शांत उभी राहते, की चालू आहे ना हे मी उतरून पाहिले. पण शनिवारी अमावास्या आहे.

तुमची,
तेजस्वी

ता. क. – आईला तुम्हीच सांगाल का, की उरणला हल्ली हार बाहेरूनच घालतात? माझे नाव नको. आणि बाबांना माझ्या पायाबद्दल दोन शब्द.

पुन्हा ता. क. – पाकीट टाकायचे राहून गेले. गाडी बरी झाली म्हणून आईने शनिवारी मूठभर जास्तच वाहिले. रविवारी अल्पेशदादा सगळ्यांना घेऊन निघाला आणि पहिल्याच सिग्नलला बंद पडला. त्याच्या पायाकडे कोणी पाहिले नाही. आत्या म्हणाल्या, गारीच जुनी झाली. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी भंगारवाला येतोय. तेव्हा वरचे काहीच सांगू नका. फक्त पत्र मिळताच बाबांना कळवा, की गाडी तुम्हाला परत हवी आहे, आणि ती आणून द्यायला अल्पेशला वेळ नसेल तर कोणीही चालेल.