टायरच्या आतून माप

इवान्यित्सा, १२ मार्च

प्रिय झोर्का,

तुझा ट्रॅक्टर आल्यापासून मी तुझ्या टेकडीकडे फिरकले नाही, साधा फोनही केला नाही. माफ कर. हे पत्र बहुधा पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते: मला तुझा हेवा वाटतो. ट्रॅक्टरचा कमी. आपले बाबा दर रविवारी माझ्याकडे जेवतात आणि राकियाचा शेवटचा घोट घेतला की तुझ्या ट्रॅक्टरवर बसायला तुझ्याकडे निघतात, त्याचा जास्त.

आज मीही पहिला ट्रॅक्टर घ्यायला गेले, बाबांना घेऊन. माझ्या रास्पबेरीच्या दोन ओळींमधल्या वाटेच्या रुंदीएवढी काठी कापून नेली होती. पण विक्रेत्याच्या आवारात तुझ्यासारखाच थोराड, लाल ट्रॅक्टर दिसला आणि मी विरघळले. काठी मागच्या चाकांमध्ये धरून म्हणाले, "बघा बाबा, बसतोय!"

"पोरी, तू टायरच्या आतून मोजतेयस. शेतात जाताना टायर काय घरी ठेवणार?"

"झोर्काला नाही हे विचारलंत!"

"तिचा मका आहे गं. तुझी झुडपं दोन्ही बाजूंनी चिरडतील."

मी चुकून तसं मोजलं की मुद्दाम, हे अजून माझं मला ठरवता येत नाही. शेवटी अरुंद, निळा ट्रॅक्टर घेतला. बाबांनी मडगार्ड चाचपून पाहिलं. म्हणाले, "छान आहे. पण इथे दुसऱ्या माणसाला जागा नाही." मी हसले, पण ते लागलं.

तुझी,
देसांका

उद्या: लोहाराकडून मडगार्डवर बाबांपुरती बैठक बसवून घेणे, रविवार यायच्या आत.