आडनाव एकच

दिनांक ९ जुलै

चि. टिल्लूस आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच हाती पडलं. दोन्ही मेडिकल कॉलेजांत तुझं नाव लागलं, अभिनंदन. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण बाह्यरुग्ण विभागातली रांग त्याला दाद देत नाही.

तू विचारतेस, नामवंत कॉलेज घेऊ की बाबा म्हणतात ते साधं, लहान गावातलं. वर लिहितेस, "बाबांना नावाची किंमतच कळत नाही."

आधी कामाचं सांगते. मी नामवंत ठिकाणी शिकले. एका खाटेभोवती आम्ही वीस जण, त्यात मी बुटकी. तिसऱ्या रांगेतून मला बहुतेक सरांची पाठच दिसली. शेवटच्या वर्षापर्यंत माझ्या हातून चार बाळंतपणं झाली. दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या हातून, त्या साध्या कॉलेजात, साठाच्या वर. पहिल्या नोकरीत टाके नीट कसे घालायचे ते मला परिचारिकेने शिकवलं. तरी नोकरी मात्र मला अर्ज टाकल्या टाकल्या मिळाली. तेव्हा नावाला किंमत नसते असं मी म्हणणार नाही.

ती किंमत कोण ठरवतं, तेही लिहायला हवं.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या प्रसूती विभागात एक जागा निघाली. निवड समितीत आम्ही तिघे होतो. अर्जांत दादाचाही अर्ज होता. मी तेव्हाच उठून बाहेर जायला हवं होतं. कागद उलटता उलटता प्रमुखांनी विचारलं, "आडनाव एकच दिसतंय. नात्यातले का?"

"लांबचे," मी म्हणाले.

"अनुभव दांडगा आहे."

"आहे. पण कॉलेज अगदीच साधं."

एवढं पुरलं. अर्ज बाजूला गेला. माझ्या कॉलेजातला एक जण घेतला, तो आठ महिन्यांत सोडूनही गेला. आमच्या मजल्यावर सगळे एकाच कॉलेजचे होते. माझा सख्खा भाऊ तसल्या ठिकाणी शिकला, हे त्यांना कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

आठवड्याने दादाचा फोन आला. "समितीत तू होतीस का गं?"

"नाही."

"बरं झालं. उगाच तुझी पंचाईत झाली असती."

पुन्हा त्याने विषय काढला नाही. वर्षभरात त्याने स्वतःचं प्रसूतिगृह काढलं. त्याच्याच वरच्या मजल्यावर तू लहानाची मोठी झालीस.

तू दोन्हीकडे जाऊन ये. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार, स्वतःच्या हातांनी काय काय केलंत. मग ठरव. नामवंत घेतलंस तरी माझी ना नाही. फक्त बाबांबद्दल ते वाक्य पुन्हा कुणाला लिहू नकोस. त्याच्याइतकी ती किंमत आपल्या घरात कुणीच मोजलेली नाही.

हे पत्र त्याला वाचायला दे. रविवारी सकाळी मी येते आहे. त्याने दार उघडलं नाही, तर तू उघडू नकोस.

त्याची बहीण आणि
तुझी आत्या