पखवाजाची कणीक

गुरुवार, ७ नोव्हेंबर १९५७, दापोडी

ठरलं! दत्तजयंतीला देवळात पखवाज छबूबाई वाजवणार. आम्ही बायकांनी दर गुरुवारी भजनाला नुसते टाळ कुटायचे आणि ठेक्यासाठी पुजारी कोंडाजीबुवांच्या तोंडाकडे बघायचं — का म्हणून? महिला भजनी मंडळाची प्रमुख मी आहे. छबूबाईनं घरी वडलांचा पखवाज वाजवून हात बसवलाय. पण देवळाचं नाव काढताच पांढरीफटक!

"न्हाई जमायचं, सुमनताई. चुकलं म्हंजी?"

"चुकू दे की! दत्तगुरू काय छडी घेऊन बसलेत?" माझं बोलणं मलाच फार आवडलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बुवा म्हणाले, "वाजवा. पण भर उत्सवात भजन मोडलं, तर गुरुवारचं देऊळ तुम्हाला बंद." म्हटलं, कबूल! बाकीच्या बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. बघू देत. देवावर विश्वास आहे ना, मग भ्यायचं कशाला?

सोमवार, २ डिसेंबर

काय हात पडतोय छबूबाईचा! निवड कुणाची? माझी.

शनिवार, ७ डिसेंबर, दत्तजयंती

मोडलं.

पखवाजाच्या डाव्या बाजूला कणकेचा गोळा थापतात, त्याशिवाय खोल आवाज निघत नाही. छबूबाईनं कणीक छान घट्ट मळून आणली होती. मी बोट लावून पाहिलं. "दगड झालाय नुसता. पाणी घाल." तिनं घातलं.

पाळणा झाला. आमचं भजन सुरू झालं. दुसऱ्या अभंगाला रंग चढला आणि — थप्प! गोळा तिच्या मांडीवर. पखवाजाचा आवाज बसला, तिचे हात थांबले, टाळ भलतीकडेच गेले. पुरुष पोट धरधरून हसले. "आता चपात्या लाटा!" कुणीतरी ओरडलं.

छबूबाई मान खाली घालून बसली. पाणी कुणी घालायला लावलं, ते बोलली नाही. मीही बोलले नाही. लाज वाटते माझी मला.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळीच बुवांना गाठलं. म्हटलं, "चूक छबूबाईची नाही, माझी. पखवाजातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी बोट घातलं." बुवा आधी गंभीर, मग मिशीत हसले. "चाकणच्या सप्त्यात माझा गोळा उडून पेटीवाल्याच्या टोपीवर बसला होता. एक गुरुवार देतो. एकच हं!"

सोमवार, ९ डिसेंबर

छबूबाईच्या घरी गेले. भाकरी थापत होती. म्हटलं, "ये ना परत. कणकेला मी हात लावणार नाही."

वर न बघता म्हणाली, "येते की. पन फुडं बसून गायचं तुमी."

"मी? अगं, माझा आवाज —"

"आमाला म्हनता, चुकू दे, चुकू दे. मान्सं हसली ती मला. तुमी कवा चुकायच्या? मागं बसून कोन चुकतंय?"

शेवटी तिनं हो म्हणायला लावलं मला. मला!

मंगळवार, १० डिसेंबर

हे शिफ्टवरून आले. त्यांना सांगितलं. "तू गाणार?" म्हणाले, आणि चहा सांडला.

गुरुवार, १२ डिसेंबर

पहिल्याच ओळीला सूर फाटला. सगळ्यांसमोर! पुरुष हसले. पखवाज थांबला नाही. मग मीही थांबले नाही.