गाऱ्हाण्यात गाळलेलं नाव

प्रिय दिपू,

गणपती बारा दिवसांवर आलेत. आज सकाळी आईने मेथी निवडता निवडता सांगून टाकलं, "यंदा गाऱ्हाण्यात दीपाचा नाव येवक व्हया." मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, "बघूक काय आसा त्यात?" मग मी लॅबला उशीर होतोय म्हणून निघाले. आता मुलुंडला लॅबच्या मागच्या खोलीत बसलेय, डबा उघडा पडलाय आणि रिपोर्टच्या कोऱ्या कागदांवर तुला लिहितेय. तुला जाऊन वर्ष झालं. गेल्या वर्षी आपण गणपती आणलाच नाही. त्यामुळे तू गेल्यावर देवापुढे उभं राहून बोलायची ही माझी पहिली वेळ. त्याआधी तुला एक सांगायचं राहिलंय.

तू असताना सांगायला हवं होतं, कबूल. पण तू घरी असायचीस कधी?

आधी भांडून घेते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. स्केटबोर्ड माझा होता. मामाने दहावी झाल्याबद्दल मला आणून दिला होता. मी आपल्या टेकडीच्या उतारावर एकदा पडले, कोपर सोलवटलं आणि बोर्ड पलंगाखाली गेला. तू तो बाहेर काढलास. मला विचारलंस? अकरा वर्षांची पोरगी, झिपऱ्या सोडून सुसाट खाली यायचीस, रिक्षावाले शिव्या घालायचे आणि आई दारात उभी राहून माझ्यावर ओरडायची की बहिणीकडे लक्ष दे. लक्षच देत होते गं. त्यातच तर माझं आयुष्य गेलं.

कॉलेजात तू काश्मीरला स्कीइंगचा दोन आठवड्यांचा कोर्स करायला म्हणून गेलीस. परत आलीस ती तव्यासारखी काळी होऊन, गॉगलच्या जागी दोन पांढरे गोल घेऊन. स्की बाजूला ठेवून तुला कुणीतरी स्नोबोर्डवर उभं केलं आणि तू पहिल्या दिवशी पडलीच नाहीस म्हणे. आपल्या उतारावरची सवय. त्यानंतर तुझं घर म्हणजे दोन बॅगा आणि एक लांबलचक पिशवी. आई शेजारणींना सांगायची, "बर्फार फळयेर उभी रवान उडये मारता." शेजारच्या काकू विचारायच्या, "घाटकोपरच्या पोरीला बर्फ कुठून ठाऊक, गोळ्याच्या गाडीवरून?" हसायचे सगळे. पहिलं सुवर्णपदक आलं आणि हसणं थांबलं. त्याच काकू चाळीस पेढे घेऊन आल्या.

आणि ते मेण! बोर्डाच्या तळाला मेण लावायचं तर त्याला वेगळी इस्त्री मिळते, हे तुला माहीत होतं. तरी तू घरची इस्त्री घेतलीस, गॅलरीत बसून मेण वितळवलंस, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच इस्त्रीने इंटरव्ह्यूचा कुर्ता इस्त्री केला. छातीवर हातभर तेलकट डाग. तू म्हणालीस, "सॉरी यार ताई, ओढणी घे ना वरून." मी ओढणी घेऊन गेले. ती नोकरी मला मिळाली, म्हणून तेव्हा बोलले नाही.

तुझा फोटो सोसायटीच्या गेटवर लागला, माझ्यापेक्षा मोठा, हवेत उलटी झालेली तू. मी त्याच महिन्यात लॅब टेक्निशियनची परीक्षा पास झाले होते. मला कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलं, "दीपाची बहीण ना तू?" ते बोरिवलीचं स्थळ आठवतं? मला बघायला आले. मुलगा पोहे खाऊन उठला, तुझ्याबरोबर सेल्फी काढून गेला, आणि मग आठ दिवसांनी नकार कळवला. तू पोट धरून हसलीस. मीही हसले. दिपू, मला अजिबात हसू येत नव्हतं.

पण या सगळ्यावर कडी केली ती गाऱ्हाण्याने. गावचं घर भाऊबंदकीत अडकलं आणि बाबांनी गणपती घाटकोपरला आणला, तेव्हापासून आरती झाली की बाबा हात जोडून देवाशी मालवणीत बोलायचे. दोन खोल्यांत तीस माणसं दाटीवाटीने उभी आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांचं मिळून, "व्हय म्हाराजा!" तू नेमकी तेव्हा न्यूझीलंडला. तिकडे तेव्हा हिवाळा. बाबा म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, आमचा धाकटा चेडू दीपा परमुलखात बर्फार उडये मारता, तेचो पाय थाऱ्यार ठेव, तेका येश दी." काका हळूच विचारायचा, "भाद्रपदात बर्फ खय पडता?" आणि तरी सगळ्यांत जोरात तोच ओरडायचा. मग पावसापाण्याचं, आजारपणाचं, काकाच्या बदलीचं. सगळ्यात शेवटी, "आणि थोरल्या चेडवाचा लगीन यंदा जमव." माझं नावसुद्धा नाही. दर वर्षी मी मोजायची, तुझ्या आणि माझ्यामध्ये किती मागणी आली. एका वर्षी नऊ होती, काकाच्या नव्या मोटारसायकलीसकट.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात आणि जीभ गेली. त्या वर्षी गणपतीत प्रश्न आला, गाऱ्हाणं कोण घालणार? काका पुढे सरकलाच होता. बाबांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. चार वर्षं झाली त्याला. आपल्या घरात बाईने गाऱ्हाणं घातलेलं नव्हतं. मी साडीचा पदर खोचून पुढे झाले आणि काय सांगू, तुला पहिल्या पदकाला वाटलं असेल ना, तसं मला वाटलं.

तेवढ्यात आईने तुला व्हिडिओ कॉल लावला. फोन प्रसादाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दीपाचा नाव पयला घे हां. विसरशीत."

मी सुरुवात केली. सेवा मानून घे म्हटलं. तुझी जागा आली. विसरले नाही, दिपू. तुझं नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ मी थांबले आणि पुढचं मागणं म्हटलं. पाऊस, आजारपण, काका, शेजारच्या मुलीची बारावी, सगळं आलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. आईसुद्धा म्हणत होती, तिचं अर्धं लक्ष वाफाळत्या मोदकांकडे. फक्त बाबांनी डावा हात उचलून फोनकडे दाखवलं. एकदा, दोनदा. त्यांच्या घशातून आवाज आला. मला कळलं होतं ते काय म्हणतायत. मी त्यांच्या तळहातावर प्रसाद ठेवला आणि म्हटलं, "हो बाबा, देते सगळ्यांना."

फोनवर तुझा चेहरा स्थिर होता. नेट अडकलं होतं की तू ऐकून गप्प झाली होतीस, मला आजपर्यंत माहीत नाही.

सहाव्या दिवशी तुझ्या प्रशिक्षकाचा फोन आला. मोठ्या उडीवर आडवा वारा लागला, तू वाकडी उतरलीस, गुडघ्यातला लिगामेंट तुटला. मी दिवसभर सुया टोचते, रक्त तपासते, मला वारा कळतो, लिगामेंट कळतो. तरी फोन ठेवला तेव्हा डोक्यात एकच होतं, मी गाळलेलं नाव. ते मी आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

तू घरी आलीस. नऊ महिने. आता पुढचं वाचून चिडू नकोस. ते माझे सगळ्यात चांगले महिने होते. तुला अंघोळीला मी न्यायची, गुडघ्यावर फ्रीजमधला बर्फ मी धरायची, गच्चीवर एकेक पाऊल मी मोजून टाकायला लावायची. तुझे चाहते पांगले, फोन कमी झाले. तू माझी वाट बघायचीस, मी लॅबमधून कधी येते म्हणून. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं, आणि बरं जरा जास्तच वाटायचं.

एकदा गच्चीत वरणभात कालवता कालवता तू म्हणालीस, "ताई, तू बाबांपेक्षा छोटं गाऱ्हाणं घालतेस ना."

मी म्हटलं, "जीभ अडखळली गं, पहिलीच वेळ होती."

तू माझ्याकडे बघितलंस, लोणचं मागितलंस आणि म्हणालीस, "व्हय म्हाराजा." बस. एवढंच. मी लोणचं आणायला गेले. काय होतं ते? माहीत होतं म्हणून बोललीस की सहज? तेव्हाच माझी मानगूट धरून विचारलं असतंस तर मी सांगून मोकळी झाले असते. हा माझा तुझ्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे, पदकांपेक्षा मोठा.

पुढच्या गणपतीत तू घरी होतीस. मी तुझं नाव पहिलं घेतलं, दोनदा घेतलं. काका म्हणाला, एकदा सांगितलेला देवाक कळता. तू माझ्या मागे उभी राहून सगळ्यात मोठ्याने ओरडलीस.

मग फेब्रुवारीत मला गुलमर्गच्या स्पर्धेला घेऊन गेलीस, गुडघ्याची राखण करायला. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला. दात वाजत होते, नाक बधिर झालं होतं, आणि वरून तू आलीस. आधी त्या लोखंडी पाइपवरून आडवी घसरत, मग पहिली उडी, मग ती मोठी. दीड वर्षाने पहिल्यांदा. मी खाली उभी होते. माझं एक मन म्हणत होतं, देवा, सांभाळ. दुसरं म्हणत होतं, पड. लिहिलं बघ, म्हणत होतं. तू दोनदा फिरलीस, बोर्ड हाताने धरलास, सोडलास आणि उतरलीस, गुडघा जरासा वाकवून, जसं मी गच्चीवर शिकवलं होतं. मी इतकी किंचाळले की शेजारच्या माणसाच्या हातातला कहवा सांडला.

तेव्हा कळलं की मला पदकाचा, फोटोचा, सेल्फीवाल्याचा हेवा वाटतच नव्हता. हवेत असतानाचा तुझा चेहरा मी पाहिला. तिथे आई नव्हती, बाबा नव्हते, मी तर नव्हतेच. तेवढा वेळ तुला कुणाचं काही पडलेलं नव्हतं. मला असा एक सेकंद कधी मिळाला नाही, पलंगाखाली बोर्ड सरकवल्यापासून.

तू जिंकलीस. व्यासपीठावरून खाली आलीस आणि पदक माझ्या गळ्यात घातलंस. किती राग आला होता मला.

त्या वर्षीच्या गणपतीतही मी तुझं नाव पहिलं घेतलं, आणि पुढच्या पावसाळ्यात काय झालं, तर डास. एवढे डोंगर, एवढे वारे, आणि तुला नेलं घाटकोपरच्या एका डासाने. आईला भेटायला चार दिवस आलीस, तापलीस, आणि आठव्या दिवशी संपलं. प्लेटलेटचे आकडे मी रोज दीडशे लोकांचे वाचते. तुझ्या रिपोर्टवरचा वाचून मी कागद उलटा ठेवला. आता तूच सांग. नाव गाळलं तेव्हा गुडघ्यावर भागलं. दोन वर्षं पहिलं घेतलं तर तू गेलीस. म्हणजे माझ्या गाळण्याने काही झालं नव्हतं, असं म्हणून मी सुटू का? मी तसं म्हणून बघितलं. सुटका होत नाही. देवाने ऐकलं की नाही, याचं मला आता काही वाटत नाही. तू ऐकलंस का, एवढंच डोक्यात फिरत राहतं.

तुझ्या फोटोशी आई रोज बोलते. मला म्हणते, जेवण झाकून ठेव. बघ, अजूनही मोजतेच आहे मी.

तर दिपू, शब्द देते. यंदा गाऱ्हाण्यात "काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल" हे वाक्य येईल, तिथे मी थांबेन आणि सांगेन, की चार वर्षांमागे ह्याच जागी उभं राहून मी माझ्या बहिणीचं नाव जाणूनबुजून गाळलं, कारण मी तिच्यावर जळत होते. काका आणि मंडळी सवयीने व्हय म्हाराजा म्हणून टाकतील. म्हणून झाल्यावर त्यांना कळेल. आई कदाचित महिनाभर बोलणार नाही. बाबांना नवीन काही नाही.

त्याआधी तुझं नाव पहिलं घेईन, आईला हवं तसं, आणि शेवटी माझं. थोरलं चेडू म्हणून नाही, वैशाली म्हणून. फक्त स्वतःसाठी काय मागायचं, ते सकाळपासून सुचत नाहीये. आजवर मला जे जे हवंसं वाटलं, ते सगळं तुझं होतं.

तुझीच,
वैशूताई