शेवटची दोन रिळे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी थिएटरात मशीन चालवीत असताना लागलेला तो परभाषेतील चित्रपट तुला स्मरत असेल. त्यातील मुलगी बापाशी भांडून पक्षी होते व उडून जाते. शेवटी तो पक्षी खिडकीत येतो, पुन्हा मुलगी होतो आणि बाप हसतो. भाषा कोणासही कळत नव्हती, तरी माझा सर्वांत आवडता चित्रपट तोच. तू घर सोडलेस, तेव्हा तुझी आई म्हणाली, "अहो, दोन ओळी तरी लिहा." मी म्हणालो, "येईल आपणहून."

काल थोरल्याने तोच चित्रपट घरी लावला. त्यात पक्षी आधी खिडकीत येतो. भांडण नंतर होते, आणि मुलगी उडून जाते ती कायमचीच. थोरला हसत सुटला. "बाबा, तुम्ही शेवटची दोन रिळं उलट क्रमानं लावली होतीत की!"

माझ्या हातून अशी चूक होणे शक्य नाही. परंतु मग मला आवडला तो चित्रपट कोणता? तू माझ्याशेजारी स्टुलावर बसून पाहत होतीस. शेवटी ती परत आली होती ना? तूच काय ते सांगू शकशील.

तुझा पत्ता थोरल्याकडे आहे. तो त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागावा, हे मला समजत नाही.

तुझी वाट पाहणारा,
तुझा बाप